पद सोडण्याची तारीख तुम्हीच ठरवा

नाशिक जिल्ह्यातल्या शिक्षणसंस्था, पतसंस्था, विकास सोसायट्या, वाचनालयं आणि पाणीवापर संस्थांच्या ज्येष्ठ अध्यक्षांना, चेअरमनांना आणि विश्वस्तांना खुलं पत्र

आदरणीय अण्णा, नाना, तात्या, आप्पा, भाऊ,

सविनय नमस्कार.

या पत्रात मी कुणाचंही नाव घेत नाही, कारण ते कुणा एकट्याला लिहिलेलं नाही. सिन्नरपासून सटाण्यापर्यंत, निफाड-दिंडोरी-येवल्यापासून शहरातल्या गंगापूर रोडपर्यंत ज्या ज्या संस्थेत पंचाहत्तरी ओलांडलेली व्यक्ती आजही चेकवर सही करते आणि शिपायाच्या रजेपासून जागेच्या व्यवहारापर्यंत सगळं स्वतःच्या हातात ठेवते, त्या प्रत्येकाला ते आहे. माझी मागणी एकच आहे. पद सोडण्याची तारीख तुम्ही स्वतः जाहीर करा, आणि त्या तारखेपर्यंतचा काळ चार्ज देण्यात घालवा.

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापिका होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी शासनाच्या नियमाने निवृत्त झाले. जाण्याआधी चार्ज द्यावा लागला: जनरल रजिस्टर, कॅशबुक, डेड स्टॉक रजिस्टर, शिक्षकांची सेवापुस्तकं, दाखल्यांची पुस्तकं, प्रयोगशाळेच्या आणि कपाटांच्या चाव्या, शिक्षकांच्या पगाराच्या ‘शालार्थ’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीचा पासवर्ड. यादी केली, तिच्यावर देणारीची सही झाली, घेणाऱ्याची झाली. तलाठी बदलून गेला तरी असंच होतं. ग्रामसेवक, पोस्टमास्तर, बँकेचा शाखाधिकारी, सगळ्यांना हा नियम लागू. हायकोर्टाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी आणि सुप्रीम कोर्टाचे ६५ व्या वर्षी उतरतात. पगार घेणाऱ्या प्रत्येकाला जाण्याचा दिवस ठाऊक असतो, म्हणून तो तयारी करतो. पगार न घेता आयुष्य वेचणाऱ्या तुमच्यासारख्यांनाच तसा दिवस कुणी सांगत नाही. सांगायची कुणाची हिंमतही होत नाही. मी तुमच्या संस्थांची सभासद आहे, तुमच्या शाळांत शिकले आणि शिकवलं, म्हणून सांगते आहे.

तुम्ही काय केलंत ते हा जिल्हा विसरलेला नाही. मारुतीच्या देवळात किंवा कुणाच्या तरी वाड्यात भरणारी शाळा तुम्ही दगडी इमारतीत नेलीत. धान्याच्या पायल्या गोळा करून वसतिगृहं चालवलीत. शिकायला मुली याव्यात म्हणून उंबरठ्याउंबरठ्यावर बसलात. त्या मुलींतली एक मी. सावकाराच्या दारातून शेतकऱ्याला सोसायटीच्या दारात आणलंत. पण एक गोष्ट आठवून पाहा. १९७२ च्या दुष्काळात तुमच्यातले बहुतेक जण पंचवीस-तिशीचे होते. त्याच वयात तुम्ही संचालक झालात, काही जण तर चेअरमन. तुमच्याहून मोठ्या कुणीतरी तेव्हा खुर्ची मोकळी केली होती. ‘अजून पोरगा आहे, शिकू दे आधी’ असं म्हणून तुम्हाला साठीपर्यंत दारात उभं ठेवलं असतं, तर आज जे उभं आहे त्यातलं किती उभं राहिलं असतं?

या शहराने तरुणांवर विश्वास टाकल्याचं सर्वांत मोठं उदाहरण पंचवटीतच आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव गायकवाड, पुढचे दादासाहेब, अवघे २७ वर्षांचे होते. बाबासाहेब स्वतः ३८ चे. त्याच वर्षी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले आणि नाशिकचा लढा दादासाहेबांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालू ठेवला, तोही पुढची काही वर्षं. बाबासाहेबांची पत्रं येत राहिली, सल्ला मिळत राहिला, पण इथे उभं राहून माणसं सांभाळणं, मार झेलणं, रोजचे निर्णय घेणं हे नाशिकच्या मंडळींकडेच होतं. एवढा मोठा नेता एवढं मोठं काम सत्तावीस वर्षांच्या माणसाच्या भरवशावर सोडून समुद्रापार जाऊ शकला. आपल्या पतसंस्थेत मात्र पंचेचाळीस वर्षांचा संचालक ‘अजून नवा’ असतो.

याच मातीतला उलटा दाखलाही सांगते. आनंदवलीला रघुनाथराव पेशव्यांचा मुक्काम असे. पानिपतानंतर १७६१ मध्ये माधवराव सोळाव्या वर्षी गादीवर आले आणि काका कारभार पाहू लागले. पुतण्या कर्ता आहे हे लवकरच सगळ्यांना दिसलं, काकांना ते मानवलं नाही. आधी १७६२ मध्ये आळेगावला आणि शेवटी १७६८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या धोडप किल्ल्यापाशी काका-पुतण्यांच्या फौजा एकमेकांसमोर आल्या. राघोबादादा हरले, शनिवारवाड्यात नजरकैदेत गेले. ते तेव्हा म्हातारे नव्हते, आणि उत्तरेत त्यांनी केलेला पराक्रम खरा होता. पण हाताखालचा मुलगा आता आपल्याला विचारून चालणार नाही, हे त्यांना पचलं नाही. पानिपतातून सावरायच्या वर्षांत मराठ्यांची किती शक्ती घरच्याच भांडणात गेली, त्याचा हिशेब इतिहासकारांनी मांडलेलाच आहे.

आता मी स्वतः पाहिलेलं सांगते. संस्थेचं नाव लिहिणार नाही, कारण दोष एका माणसाचा नव्हता आणि तिच्यासारख्या संस्था या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. तिथले अध्यक्ष देवमाणूस. ऐंशी ओलांडली तरी रोज सकाळी कार्यालयात हजर. एके दिवशी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. संस्थेच्या खात्यावर त्यांची आणि सचिवांची संयुक्त सही होती, आणि सचिव प्रकृतीमुळे परगावी मुलाकडे राहायला गेलेले. अनुदानित शिक्षकांचे पगार शालार्थमधून परस्पर जमा होत होते, त्यांना झळ लागली नाही. विनाअनुदानित तुकड्यांवरच्या शिक्षकांचा पगार, वसतिगृहाचा किराणा आणि विजेचं बिल मात्र संस्थेच्या खात्यातून जायचं. बँकेने सह्यांचे अधिकार बदलण्याचा ठराव मागितला. ठरावासाठी सभा हवी, आणि सभेचा कोरम भरेना, कारण काही विश्वस्त वारले होते आणि त्यांच्या जागा कधी भरल्याच नव्हत्या. धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांच्या नोंदीच्या उताऱ्यावर, दिवंगतांचीच नावं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे असा बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. तो वर्षानुवर्षं कळवलाच नव्हता. ‘करू पुढच्या सभेत’ असं म्हणत दिवस गेले होते.

मग जे व्हायचं ते झालं. दोन गट पडले, दोघांनी आपापली कार्यकारिणी दाखवून आपापले बदल अर्ज दाखल केले, एकमेकांच्या अर्जांवर हरकती घेतल्या आणि तारखा पडू लागल्या. विज्ञान शिकवणारा आमचा एक तरुण शिक्षक द्राक्षांच्या हंगामात पॅकहाउसमध्ये रात्रपाळी करू लागला आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी दहावीच्या वर्गावर उभा राहू लागला. पुढच्या जूनमध्ये तो आलाच नाही. मुलांचा आवडता शिक्षक होता.

त्याहून मोठं नुकसान कागदावर कधी दिसलं नाही. शाळेच्या मैदानाची जागा ज्यांनी दिली त्यांच्या घरच्यांशी काय तोंडी ठरलं होतं, कोणत्या देणगीदाराला कशासाठी शब्द दिला होता, शेजारच्या शेताशी बांधाचा वाद नेमका कुठे मिटला होता, हे एकट्या अध्यक्षांना ठाऊक होतं. ते सांगण्यासाठी त्यांच्यापाशी वर्षं होती. कुणी विचारलं नाही, आणि त्यांनाही कधी वाटलं नाही की सांगून ठेवावं. त्या माणसाने उभ्या आयुष्यात संस्थेचा एक रुपया खाल्ला नाही. तरीही त्याच्या न उतरण्याने संस्थेची जी हानी झाली, ती एखाद्या अपहाराने झाली असती त्याहून कमी नव्हती. हे लिहिताना मला यातना होतात, पण खरं आहे म्हणून लिहिते.

तुमचं उत्तर मला माहीत आहे, कारण ते मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. ‘नवी पोरं येतात ती बांधकामाच्या ठेक्यासाठी आणि भरतीसाठी. आम्ही हललो तर गंगापूर रोडवरचा प्लॉट बिल्डरच्या घशात जाईल.’ ही भीती पोकळ नाही. शहरातल्या जागांचे भाव पाहता ती असायलाच हवी. पण प्लॉट तुमच्या खुर्चीने किती दिवस राखला जाणार? विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्या कलमाला दात येतात ते सभासद जागे असले तर. सिटी सर्व्हेचा उतारा, सातबारा, बिनशेतीचा आदेश, बक्षीसपत्र, या सगळ्यांच्या प्रती आजच सभासदांसमोर ठेवा, अहवालात छापा. एका कपाटात आणि एका डोक्यात असलेले कागद चोरायला सोपे. दोनशे घरांत पोचलेले कागद कुणाच्या बापाला गिळता येणार नाहीत.

आणि नव्यांना कळत नाही म्हणाल, तर आधी तुमच्याच शिवारात बघा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, किती घरं हवालदिल झाली. त्यानंतर औषधांच्या नोंदी, काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची त्याचं गणित, लॅबचे रिपोर्ट, हे सगळं कुणी हाती घेतलं? तुमच्या मुलांनी, आणि पुष्कळ घरांत सुनांनी. बागेचा निर्णय तुम्ही त्यांच्यावर सोपवलात. वर्षभराची कमाई ज्या बागेवर, ती दिलीत. सोसायटीच्या चेकबुकाला मात्र त्यांचा हात लागू देत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सोपवणं म्हणजे आपल्याच मुलाला बसवणं नव्हे. लायक असेल तर तोही इतरांसारखा सभेपुढे येऊ दे, पण तुम्ही उतरता त्याच सभेत नको. आणि महिलांसाठी राखीव असलेल्या संचालकपदांवर घरातली नावं टाकून प्रोसिडिंग बुक सहीला घरी पाठवायची पद्धत बंद करा. बचत गटांत लाखोंचा हिशेब पै-पैसह ठेवणाऱ्या बाया तुमच्या गावात आहेत. त्यांना सभेत बसू द्या, बोलू द्या, ऑडिटचा शेरा वाचू द्या.

कायदा तुम्हाला कुठवर नेईल? सहकारी बँकांच्या संचालकांना सलग आठ वर्षांची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने आली. १ ऑगस्ट २०२५ पासून ती दहा वर्षांची झाली, अध्यक्ष आणि पूर्णवेळ संचालक सोडून. शिक्षणसंस्थेत आणि वाचनालयात घटना सांगेल तसं, आणि सोसायटीत निवडणूक पाच वर्षांनी, पण पुन्हा पुन्हा उभं राहायला आडकाठी नाही. पॅनल आपलं, मतदार आपले, म्हणून बिनविरोध. म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रश्न तुमच्या मनावरच येऊन थांबतो.

मनाचंच म्हणाल, तर मला तुमची अडचण समजते. कार्यालयात जायचं नाही तर सकाळी कपडे करून जायचं कुठे? फोन येणं थांबेल. लग्नात पुढच्या खुर्चीवर कुणी बोलावणार नाही. ही भीती खरी आहे आणि तिची लाज वाटण्याचं कारण नाही. निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने मलाही जड गेले. पण हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांकडे पाहा. १९७७ मध्ये बलरामपूरहून लोकसभेवर निवडून आले, चालून आलेलं मंत्रिपद घेतलं नाही, साठी ओलांडल्यावर सत्तेचं राजकारण सोडलं आणि आधी गोंडा व मग चित्रकूट इथे ग्रामविकासाच्या कामाला लागले. २०१० मध्ये गेले. त्यांचे विचार पटोत न पटोत, पद सोडल्यानंतरची तीस वर्षं त्यांनी रिकामी घालवली नाहीत.

केव्हा, याचं उत्तर मला असं सुचतं: तुम्ही गेल्यावर नवा माणूस अडला तर दोन-तीन वर्षं तुम्हाला विचारू शकेल, तेव्हा. नेल्सन मंडेला १९९४ मध्ये पंचाहत्तराव्या वर्षी दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष झाले. रोजच्या कारभाराचा बराच भाग त्यांनी पदावर असतानाच उपाध्यक्ष थाबो म्बेकींकडे दिला आणि १९९९ मध्ये एकाच कार्यकाळानंतर पायउतार झाले. लोक त्यांना तहहयात ठेवायला तयार असताना. त्याच्या उलट अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडन यांनी २१ जुलै २०२४ रोजी, ८१ व्या वर्षी, उमेदवारीतून माघार घेतली. मतदानाला साडेतीन महिने उरले होते. मागून येणाऱ्या उमेदवाराला स्वतःचं काही उभारायला वेळच राहिला नाही.

आता तुमच्या अवतीभवतीच्या मंडळींबद्दल, म्हणजे आमच्याबद्दल. २ मे २०२३ रोजी शरद पवारांनी मुंबईत पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा सभागृहात कार्यकर्ते रडले, घोषणा झाल्या, आणि ५ मे रोजी त्यांनी निर्णय मागे घेतला. त्या राजकारणाचा निवाडा मला करायचा नाही. मला त्यातले कार्यकर्ते दिसतात, कारण ते आपल्या प्रत्येक संस्थेत आहेत. ‘साहेब, तुमच्याशिवाय कोण?’ म्हणणाऱ्यांत प्रेम करणारे असतात, तसे तुमच्या सावलीत ज्यांची कामं होतात तेही असतात. तुम्ही उतरायचं म्हणाल तेव्हा त्यांना आवरणं हे तुमचं शेवटचं अवघड काम असेल. आम्हा सभासदांनाही माझी विनंती आहे: कुणी उतरतो म्हणाला तर हात जोडून आभार माना, आग्रह करू नका.

आणि जे उतरतील त्यांना अडगळीत टाकू नका. भाजपने ऑगस्ट २०१४ मध्ये वाजपेयी, अडवाणी, मुरली मनोहर जोशी अशा ज्येष्ठांना मार्गदर्शक मंडळात नेमलं. पुढे त्या मंडळाच्या बैठकींबद्दल काही ऐकू आलं नाही. सन्मानाचं नाव देऊन काम न देणं हे माणसाला फार लागतं. तुमच्यासाठी ठरलेलं, नेमकं काम हवं. पाणीवापर संस्थेच्या जुन्या चेअरमनने कालव्यावरून नव्या संचालकांबरोबर चालावं, कोणती चारी शेवटपर्यंत भिजत नाही आणि का, कोणत्या पाळीला टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याशी भांडण होतं, ते जागेवर उभं राहून सांगावं. वाचनालयाच्या जुन्या कार्यवाहांनी दुर्मीळ ग्रंथांची यादी नव्या ग्रंथपालाला वाचून दाखवावी. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे, म्हणजे किती पिढ्यांनी एकमेकांच्या हाती चाव्या दिल्या असतील.

तेव्हा पद्धत अशी धरा. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ‘अध्यक्षांचा कार्यभार हस्तांतरण कार्यक्रम’ हा विषय स्वतःच्या सहीने घ्या. सोडण्याचा दिवस त्याच सभेत सांगा आणि इतिवृत्तात लिहून घ्या, म्हणजे तुम्हालाही मागे फिरता येणार नाही. तो दिवस साधारण वर्षभराने असावा. मधल्या काळात वारलेल्या आणि परगावी गेलेल्या विश्वस्तांच्या जागा भरून बदल अर्ज दाखल करा, बँकेत नव्या माणसाची सही तुमच्या सहीच्या जोडीने सुरू करा. कोर्टात काय चालू आहे, वकील कोण, पुढची तारीख कोणती, तेही एका वहीत येऊ द्या. पुढचं अंदाजपत्रक त्यांनाच मांडू द्या, तुम्ही शेजारी बसा, चुकलं तर सभेनंतर सांगा. तोंडी दिलेले शब्द तर आधी लिहून काढा. लिहिणं होत नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवा, शाळेतली नववीची मुलं ते उतरवून देतील आणि त्यांनाही आपल्या शाळेचा इतिहास कळेल.

दिवस उजाडला की चाव्या द्या. त्यानंतर क्लार्कचा फोन आला तर ‘नव्या अध्यक्षांना विचार’ एवढंच सांगा. अध्यक्षांचा स्वतःचा फोन आला तर हवं तेवढं बोला. तुमचा एखादा जुना निर्णय त्यांनी फिरवला तर त्रास होईल. तरी वर्षभर त्यावर चारचौघांत बोलू नका. सभासद म्हणून पुढच्या वार्षिक सभेत उठून विचारा. तो हक्क तुमचा आहेच.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात. नोटीस काढायला त्याआधी वेळ लागतो, म्हणून आत्ताच लिहिते आहे. चार्ज यादी कशी करायची, कोणती रजिस्टरं, कोणते कागद, कोणत्या क्रमाने, याचा नमुना मी माझ्या शाळेच्या यादीवरून तयार करून ठेवला आहे. ज्या संस्थेला हवा असेल तिला देईन. कपाट उघडून तुमच्याबरोबर बसायचीही माझी तयारी आहे, मग गाव कळवणचं असो की नांदगावचं.

तुमच्या तारखेची वाट पाहते.

आपली नम्र,
एक सभासद आणि निवृत्त मुख्याध्यापिका
नाशिक